कंपुटरातला उकिरडा

९ मे २००४, रविवार

उकिरडा परत आला.

काल दिवस मावळायच्या आत नातीनं माझ्यासमोर पुसला होता. मी या डोळ्यांनी पाहिलं. आज सकाळी कंपुटर चालू केला तर बसलाय आपला जागच्या जागी, सासरवाडीला आलेल्या जावयासारखा.

खरा उकिरडा अखितीच्या आधीच गाड्या भरून रानात गेला. तिथं आता खड्डा आहे, कोंबड्या लोळतात. पण सत्यशीलाच्या कंपुटरात तो अजून उभा. आमच्या गावातून तीर्थपुरीला जाणारा रस्ता रुंद व्हायचाय, उंचबी व्हायचाय. त्याची चित्रं ही पोरगी काढून राह्यली. इंजिनेर आहे, डिप्लोमावाली. कंपनीनं म्हणलं, तुझंच गाव आहे, घरी बसून कर. म्हणजे त्यांची खोली वाचली आन माझी पडवी गेली. रस्त्याकडच्या माझ्या पडवीत आता टेबल, टेबलावर कंपुटर, खाली बॅटरी, आन उरल्या जागेत माझी बाज. पंख्याचं तोंड कंपुटरकडं. मी म्हणलं, "आन मी?" तर म्हणते, "आजे, त्याला गरम झालं तर तो बंद पडतो." मी बंद पडले तर चालतंय.

त्यांचा साहेब धर्मराज नावाचा. महिनाअखेरीला येणार. चित्रं बराबर असली तर हिची नोकरी पक्की, औरंगाबादच्या हापिसात खुर्ची. न्हाई तर घरी. आन घरी म्हणजे परतूरला. तिथं बद्रीनाथ तयार बसलाय, कापडाच्या दुकानात, आईच्या डोळ्यासमोर. त्यांची एकच अट — सुनेनं नोकरी करायची न्हाई. माझी सून बेबीनंदा त्या अटीवर खूश आहे. तिला वाटतं अट घालणारे लोक खानदानी असतात.

११ मे, मंगळवार

आज इचारलंच. म्हणलं, दिवसभर रेघा वढते, हे नेमकं हाये काय?

म्हणली, "भोपळा विळीवर आडवा चिरला की आतलं दिसतं ना? तसा रस्ता चिरायचा. थोड्या थोड्या अंतरावर एक काप. त्याला सेक्शन म्हणतात."

मंग दाखवलं. तांबूस रेघ म्हणजे आत्ताची जमीन. लाल रेघ म्हणजे होणारा रस्ता. लाल वर असली तर तिथं माती टाकून भराव करायचा, खाली असली तर खोदायचं. सोपं आहे. एवढ्यासाठी पोरीला जालन्याला वसतिगृहात ठेवली होती.

म्हणलं, "यात मी कुठं?"

तिनं रेघेच्या कडेला एक चौकोन काढला. "ही आपली पडवी. म्हणजे तू."

"एवढीशी?"

"मापात आहे आजे."

चौकोनाच्या आन रस्त्याच्या मधात तांबूस रेघ टम्म फुगलेली. तोच उकिरडा. चित्रातबी माझ्या उशाशी.

१२ मे

तो आत शिरला कसा ते लिहून ठेवते. नंतर लोक म्हणतील म्हातारीनं बनवून सांगितलं.

शिमग्यानंतर मोजणीवाले आल्ते. एकजण तीन पायाच्या दुर्बिणीत डोळा घालून लांब उभा, दुसरा काठी घेऊन हिंडणारा. काठी जिथं टेकंल तिथली उंची यंत्रात जाते. आता शिमग्यानंतर रस्त्याच्या कडंला काय असतं? वाळवण. गल्लीतल्या समद्या बायांच्या कुरडया, पापड, शेवया, लुगडी अंथरून. काठीवाल्यानं पाय टाकला की गोजरबाई ओरडायची, "ए बाबा, कुरडईवर नको, तिकडं सरक!" गोजरबाई म्हणजे शेजारीण. तिचं वरडणं वाटूरच्या फाट्यावर ऐकू जातं. तो बिचारा सरकत सरकत, जिथं वाळवण न्हाई तिथं गेला. वाळवण कुठं न्हाई? उकिरड्यावर. तव्हा उकिरडे अगदी भरलेले, पुरुषभर उंच. प्रत्येक घराम्होरच्या उकिरड्यावर चढून त्यानं झेंडा लावल्यासारखी काठी धरली. आम्ही पाहून राह्यलो होतो. आम्हाला वाटलं, शिकलेला माणूस आहे, तसंच असंल.

म्हणून कंपुटरात आमच्या गल्लीला डोंगर आहे.

सत्यशीलानं पाहिलं तव्हा पोट धरून हसली होती. लगेच साहेबाला फोन करून सांगितलंबी, सर, हे ग्राउंड न्हाई, शेणखत आहे. आता हसत न्हाई.

१३ मे

लाईन न्हाई. बॅटरी मेली. पोरगी आन मी दोघी भिंतीला टेकून. तिच्यापाशी काम न्हाई आन माझ्यापाशी वारं न्हाई.

१४ मे, शुक्रवार

मोबाईलला रेंज आमच्यात फक्त पडवीच्या ओट्यावर येते, तीबी उजव्या कोपऱ्यात, उभं राह्यलं तरच. म्हणून साहेबाची बोलणी साऱ्या गल्लीला ऐकू येतात. त्याचा आवाजबी असा की फोन नसता तरी चाललं असतं.

"तू सेक्शन हातानं दुरुस्त करतीस का?"

"हो सर. ग्राउंडची रेघ खाली ओढली. सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी परत वर."

"येणारच! ती रेघ तो प्रोग्राम मोजलेल्या पॉईंटवरनं काढतो. तू रेघ पुसली, पॉईंट तसेच. फाईल उघडली की तो परत काढणार. मुळातले पॉईंट काढ, नवीन लेव्हल घे, मग बघ."

नाव धर्मराज आन बोलणं म्हशी हाकल्यासारखं. पण बोलला बराबर. म्हणजे इतके दिवस पोरगी सावली पुसत होती.

गोजरबाई भिंतीआडून म्हणते, "साळूबाई, काय झालं गं? पोरीला काढली का?" म्हणलं, "उकिरडा काढायचाय. तुझाबी आहे त्यात." मंग लागली पदर सावरायला, जसं काही फोटो निघणार आहे.

१६ मे, रविवार

सकाळी ऊन व्हायच्या आत नवीन मोजणी. आमच्या भिवानं काठी धरली. भिवा गवंडीकाम करतो, गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या आन निम्म्या त्यानंच पाडलेल्या. सत्यशीला दुर्बिणीत. मी ओट्यावरून देखरेख केली. भिवाला म्हणलं, "उकिरडा न्हाई म्हणून दुसऱ्या कशावर चढू नको." तो म्हणे, "आजी, तुमच्या डोक्यावर धरू का?" मेला.

दुपारी लाईन आली. पोरगी बसली. जुने पॉईंट काढले, नवे घातले. गोजरबाईचा उकिरडा गेला. पाटलाचा गेला. मारुतीच्या पाराजवळचा गेला. मी टाळ्या वाजवल्या.

आमचा?

"आमचा राह्यला आजे," म्हणली. "त्या एका सेक्शनला काहीतरी अडलंय."

तोंड एवढंसं केलं होतं. मला वाटलं थकली. चहा दिला.

१७ मे

आमचा उकिरडा आहे तसाच.

गोजरबाईनं लिंबू-मिरची आणली, कंपुटरच्या माथ्यावर दोऱ्यानं लटकवली. दुर्बिणीवाल्यांची नजर लागली म्हणते. मी म्हणलं, शेणाला कोण नजर लावतंय? पण राहू दिली. सत्यशीला मिरची बाजूला सारून काम करून राह्यली. संध्याकाळी मिरच्या दोन कमी. बेबीनंदानं फोडणीला घेतल्या.

१८ मे, मंगळवार

साहेबानं जालन्याहून एक सीडी पाठवली. प्रोग्राम नव्यानं टाक म्हणे. टाकला. त्यात अर्धा दिवस गेला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती, आम्ही तिघी सासवा-सुना-नाती तिच्याकडं बघत. दूध ऊतू जायची वाट बघावी तसं.

पट्टी भरली. फाईल उघडली. उकिरडा!

बेबीनंदा म्हणली, "आत्याबाई, देवाच्याच मनात न्हाई हिनं नोकरी करावी." म्हणलं, देवाला उकिरड्याशिवाय दुसरं ठिकाण न्हाई का मनातलं सांगायला?

सत्यशीला उठून पाणी प्यायला गेली. एरवी आईनं असं काही म्हणलं की तोडून टाकती. आज न्हाई.

२० मे

ओट्यावर फोन. मी तांदूळ निवडत होते. हिचा आवाज बारीक.

"सर, तिथं भिंत दाखवली तर? भराव भिंतीनं अडवला तर खाली पसरणार न्हाई..."

"कुठं? कशासाठी?"

"गावातल्या लांबीत. एका ठिकाणी."

"सरकारी हद्दीत कुणाचं काय असलं तर ते निघतं. त्याच्यासाठी सरकार भिंत बांधत नसतं. तू आधी तो सेक्शन नीट कर."

कोणाची भिंत, कसली भिंत, मला काही सांगितलं न्हाई. इचारलं तर म्हणे, "कामाचं आहे." मीबी सोडून दिलं. तांदळात खडे लई निघाले.

२१ मे, शुक्रवार

परतूरची बाई येऊन गेली. बद्रीनाथची आई. म्हणे सहज आलो. सहज कोणी पेढे घेऊन येत न्हाई.

पडवीत बसली, माझ्याच बाजेवर. कंपुटरकडं पाहून म्हणते, "टीव्ही लहान आहे तुमचा." बेबीनंदा हसली, मी न्हाई. मंग म्हणते, "आमच्यात सून पाय घरात ठेवून असती. पोरीनं उन्हात काठ्या धरून हिंडावं, बरं दिसतं का?"

म्हणलं, "काठी भिवा धरतो. ही दुर्बिणीतून बघती. लांबचं दिसतं तिला."

त्या बाईला कळलं न्हाई. बेबीनंदाला कळलं, तिनं मला डोळे दाखवले.

पण मला खटकलं ते दुसरंच. ती बाई इतकं बोलली आन सत्यशीला गप. ही तीच पोरगी, जिनं डिप्लोमाला जायचं म्हणून बापाशी आठ दिवस अबोला धरला होता. आमचा रामकिसन तसा देवमाणूस, तरी हिनं त्याला रडवला. ती आज चहाचा ट्रे धरून खाली मान! माझ्या मनात आलं, हिला काहीतरी झालंय. उकिरडा हिच्याच डोक्यात गेलाय.

२३ मे, रविवार

हे लिहायचं का न्हाई ते ठरवायला चहा प्याले. लिहिते. प्रौढशिक्षणाच्या बाई म्हणायच्या, रोज लिहा मावशी, न्हाईतर अक्षरं उडून जातात. बाई बदली होऊन उडून गेल्या, अक्षरं राह्यली. डायरी साखर कारखान्याची, जुनी, वार चुकीचे. तर काय झालं ते.

दुपारी जेवून बाजेवर पडले होते. ऊन असं की झोप येत न्हाई, नुस्ते डोळे मिटायचे. तिला वाटलं म्हातारी घोरून राह्यली. मी घोरत होतेच थोडी, सवयीनं. डोळा किलकिला करून पाहिलं तर तिच्यासमोर आमचाच काप. चौकोन ओळखला मी. मी हाये तो.

तिनं काहीतरी दाबलं. आन उकिरडा गेला. एका दमात! अडलं न्हाई, खोळंबलं न्हाई. तांबूस रेघ सरकन खाली, खड्ड्याला टेकली. कोंबड्या तेवढ्या दिसायच्या बाकी होत्या.

मला वाटलं, जमलं. उठून पाठीवर थाप मारावी.

मंग लाल रेघ हलली. आतापर्यंत ती उकिरड्याला टेकून थांबली होती, तिला पुढं जायला कारणच नव्हतं. उकिरडा गेल्यावर तिला खाली आधार न्हाई. ती उतरत गेली. उतरत उतरत, तिरपी, पसरत — आपण ज्वारीची रास घालतो, जितकी उंच तितकी खाली पसरती, तशी. भरावाची माती. आली आन माझ्या चौकोनात शिरली. एका भिंतीतून आत, दुसऱ्या भिंतीतून भायेर.

पोरगी हनुवटीला हात लावून बसली. मंग माझ्याकडं पाहिलं. मी डोळे गच्च मिटले, घोरणं वाढवलं.

टिक टिक झालं. परत डोळा उघडला तर उकिरडा जागेवर. लाल रेघ मागं. चौकोन साबूत.

आन ही बया ओट्यावर जाऊन फोनवर, "सर, तेच होऊन राह्यलं. सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी आहे."

सॉफ्टवेअर म्हणे.

२४ मे

मूर्ख पोरगी. मूर्ख पोरगी. मूर्ख पोरगी.

२५ मे, मंगळवार

राग उतरल्यावर डोकं थंड झालं तव्हा समदं जुळलं. उकिरड्याचं साहेबाला तिनंच सांगितलं होतं, पयल्याच दिवशी, हसत हसत. तव्हा तिला ठाऊक नव्हतं खालून काय निघणार. सोळा तारखेला पॉईंट काढले आन निघाली मी. तव्हापासून ही दिवसा काढती आन परत लावती. ती भिंतीची गोष्टबी माझ्याचसाठी होती. भिंत सरकारनं दिली न्हाई, म्हणून हिनं शेणाची उभी केली.

आन बरं, यातून होणार काय? साहेब काही आंधळा न्हाई. आज न् उद्या दुसऱ्याला बसवंल, तो एका दमात काढंल. म्हणजे हिची नोकरीबी जाणार, पडवीबी जाणार, आन मी जाणार परतूरला, हिच्या लग्नात मिरवायला. इतकं शिकून एवढं कळंना?

सकाळी भाकरी थापता थापता सहज म्हणलं, "सत्तू, तो चौकोन कसाय?"

"कोणता?"

"मी."

तिनं परातीतलं पीठ उगाच सारखं केलं. "तू आहेस तिथंच आहेस आजे."

"मापात?"

"मापात."

भाकरी करपली. तिनं तीच घेतली.

२६ मे

पडवीचं लिहायचं तर फार काही न्हाई. आमच्या म्हाताऱ्यानं बांधली. भुजंगराव. बांधली म्हणजे सरकवली. आधी चार मेढी, मंग वर पत्रा, मंग कूड, मंग एका दिवाळीत भिवाच्या बापाकडून मातीची भिंत. प्रत्येक वर्षी थोडी रस्त्याकडं. मी म्हणायची, अहो, सरकारची जागा आहे. ते म्हणायचे, सरकार काय झोपायला येणार आहे का इथं? रस्ता रुंद व्हायचा निघाला तसा तलाठी येऊन खूण करून गेला. आमच्या उंबऱ्यापासून पुढं समदं सरकारचं. मोबदला बिबदला काही न्हाई. घर आमचं, पडवी उसनी.

तरी बसायला ती बरी. तिथं बसलं की तीर्थपुरीच्या बाजाराला कोण जातं, कोणाच्या पिशवीत काय, कोणाची सून कोणत्या गाडीवर मागं बसली, समदं दिसतं. जांबच्या यात्रेला जाणारे पाणी मागायला थांबतात, त्यांना पाणी देता देता दोन शब्दबी देते. माझ्याशिवाय या गल्लीत कोणाला वळण लावायचंय? गोजरबाईला? ती तर नुस्ती ओरडते.

पत्रा तापतो मात्र. पावसात गळतो. विंचू निघतात.

बास. एवढंच लिहायचं होतं.

२७ मे, गुरुवार

साहेबाचा फोन. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात ही उभी, मी बाजेवर. समदं ऐकलं.

"बाकी सगळे सेक्शन मी पाहिले. चांगले आहेत. इतक्या वर्षांत नवीन मुलीकडून इतकं स्वच्छ काम पाहिलं न्हाई. पण त्या एका सेक्शनसाठी मी सबमिशन थांबवू शकत न्हाई. रविवारी मी येतोय. झालं असलं तर तुझ्या नोकरीची ऑर्डर घेऊन येतो. नसलं तर कंपुटर घेऊन जातो, दुसरा मुलगा करंल. कळलं?"

"कळलं सर."

"तुला काही सांगायचंय का?"

तिनं पडवीच्या पत्र्याकडं पाहिलं. "न्हाई सर."

फोन ठेवला आन मला म्हणते, "आजे, परतूरचं दुकान केवढं आहे गं?"

मी तोंड फिरवलं. तिला वाटलं, पेंगून राह्यले.

बेबीनंदा सांजच्याला हिरव्या साडीचा पदर अंगावर टाकून आरशात बघत होती. स्वतःच्याच अंगावर. लग्न पोरीचं, साडी हिला.

एक कळत न्हाई. ही पोरगी मला काही बोलत काहून न्हाई? म्हणली असती, आजे, पडवी जातीय, तर मी काय रडले असते? मी भुजंगराव गेले तव्हाबी पाव्हण्यांना चहा केला. मला कोणी रडवायला नको म्हणून ही स्वतःचं वाटोळं करायला निघाली. माझ्याबद्दल इतकं वाईट मत! उद्या मी तिला जरी सांगितलं, मला समदं माहीत आहे, काढ उकिरडा, तरी ती काढणार न्हाई. बापाचा हट्ट हिनं मोडला, माझा हट्ट हिनं घेतलाय. सांगून उपयोग न्हाई. चौकोन आहे तव्हर ती काढणार न्हाई.

२८ मे

भिवाला निरोप धाडला. उद्या सकाळी ये म्हणलं, पत्र्याचं काम आहे. म्हणे, आजी, पावसाच्या आधी गळती बघायची का? म्हणलं, हो. गळतीच आहे.

सत्यशीलाला सांगितलं, उद्या तीर्थपुरीला जाऊन दळण टाक, मसाला कुटून आण, बांगड्याबी बघून ये. हळूच म्हणली, "बांगड्या कशाला आजे?" म्हणलं, परतूरला उघड्या हातानं जाती का? खाली बघून पिशवी शोधायला लागली.

२९ मे, शनिवार

ती गाडीत बसली आन भिवा आला. आधी कंपुटर उचलून चुलीमागं ठेवला, बॅटरी, पंखा, लिंबू-मिरची समदं. मंग बाज. मंग म्हणलं, भिवा, पाड. तो म्हणे, आजी, काय पाडू? म्हणलं, तुझ्या बापानं बांधलंय, तूच पाड. बेबीनंदा बोंबलून राह्यली, तिला पत्रे वाहायला लावलं. गोजरबाई भिंतीवरून डोकं काढून पयल्यांदा गप.

दुपारी पोरगी आली. पिठाचा डबा कमरेवर. रस्त्यावरून थेट उंबरा दिसत होता. मी मातीच्या ढिगावर बसले होते.

म्हणलं, उभी काय राह्यली? चौकोन गेला. लाईन आहे तव्हर तो उकिरडा काढ.